एका कार्बनची हलवाहलव

प्युरीन म्हटलं की लोकांना युरिक अ‍ॅसिड आणि गाऊट एवढंच आठवतं. मग ‘शरीरातली प्युरीन साफ करणारे’ काढे फॉरवर्ड होत राहतात. ती खरोखर साफ झाली, तर काढा पिणाराच उरायचा नाही. डीएनएमधली ए आणि जी ही ‘अक्षरं’ म्हणजे प्युरीनच, आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीतही प्युरीनच. म्हणून तर आपल्या पेशी ती स्वतः घडवतात. ई. कोलाय हा जिवाणूही घडवतो, फक्त आपल्याला दहा टप्पे लागतात आणि त्याला अकरा.

हा जादाचा टप्पा मोठा मजेशीर आहे. वाटेत ‘एअर’ नावाचा रेणू तयार होतो. त्याच्या पाच अणूंच्या कड्याला एक कार्बन जोडायचा असतो. तो मुळात कार्बन डायऑक्साइडचा, हे १९४०च्या दशकात जॉन ब्यूकॅनन यांच्या गटाने कबुतरांना खुणेचा, म्हणजे वेगळा ओळखता येणारा कार्बन देऊन आणि त्यांच्या विष्ठेतलं, प्युरीनपासूनच बनणारं युरिक अ‍ॅसिड तपासून दाखवलं होतं. आपलं एन्झाइम हा कार्बन डायऑक्साइड थेट कड्याला चिकटवतं. ई. कोलायमध्ये मात्र प्युर-के हे एन्झाइम एक एटीपी खर्चून बायकार्बोनेटमधला कार्बन कड्याबाहेरच्या नायट्रोजनवर बसवतं. म्हणजे चक्क भलत्याच जागी! तिथून तो कड्यातल्या शेजारच्या कार्बनवर न्यायचं काम प्युर-ई या दुसऱ्या एन्झाइमचं. मधला हा रेणू जोअ‍ॅन स्टब यांच्या प्रयोगशाळेने १९९४ मध्ये उघडकीला आणला.

प्युर-ई हे करतं कसं? रेणू जिथे बसतो त्या त्याच्या खाचेत नायट्रोजनचा बंध तुटतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटा होतो. हिस्टिडीन हे अमिनो आम्ल नायट्रोजनला एक प्रोटॉन देतं. सुटलेला वायू खाचेतच अडकून पडतो आणि कड्यातल्या कार्बनवर जाऊन बसतो. मग तिथला प्रोटॉन काढून घेतला की काम फत्ते. खुणेचा कार्बन वापरून पाहिलं, तेव्हा बाहेरच्या कार्बन डायऑक्साइडशी अदलाबदल झालेली दिसली नाही.

आपल्याकडे ही पायरीच नाही, म्हटल्यावर ‘सुपरबगचा कर्दनकाळ सापडला’ असे मथळे सुचणं सोपं आहे. मानवी रक्तात प्युरीन इतकी कमी असतात की ती बनवता न येणाऱ्या अनेक जिवाणूंची तिथे उपासमार होते, हेही खरं. पण प्युर-ई आणि आपलं एन्झाइम मुळात एकाच घराण्यातली. एअरला नायट्रो गट जोडून बनवलेला रेणू प्युर-ईला सैलसर धरतो आणि कोंबडीच्या, म्हणजे आपल्यासारख्याच, एन्झाइमला कितीतरी पटींनी घट्ट. औषधाला हवं त्याच्या नेमकं उलटं.