पॅटर्नचा नंबर आणि अजून न ओतलेला जॉब

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या फाउंड्रीत पॅटर्नच्या, म्हणजे ज्यांच्यावरून ओतकामाचा साचा बनतो त्या नमुन्यांच्या, रॅकसमोर उभं राहिलं, की मला कंपायलर आठवतो. प्रत्येक पॅटर्नवर नंबर रंगवलेला असतो. दोन जॉब, म्हणजे ओतलेल्या वस्तू, एकाच पॅटर्नचे आहेत का, हे बघायला कुणी मोजमापाचा व्हर्निअर काढत नाही. नंबर जुळला की झालं.

आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो तो कंपायलर. नवी भाषा काढणाऱ्याला हे सगळं काम पहिल्यापासून करावं लागू नये, म्हणून तयार लायब्ररी असतात. त्यातली एलएलव्हीएम २००० साली इलिनॉय विद्यापीठात विक्रम अडवे आणि ख्रिस लॅटनर यांनी सुरू केली. रस्ट आणि स्विफ्ट या भाषा तिच्यावरच उभ्या आहेत. या लायब्ररीशी बोलायचं तर दोन शब्द आधी नीट समजायला हवेत: टाइप आणि व्हॅल्यू.

टाइप म्हणजे पॅटर्न. ‘३२ बिटांचा पूर्णांक’ हा टाइप हजार वेळा मागितला तरी लायब्ररी तोच एक परत देते, मेमरीतल्या त्याच पत्त्यावरचा. त्यामुळे दोन टाइप सारखे आहेत का, हे नुसते पत्ते ताडून कळतं. (अनेक टाइप एकत्र बांधून नाव दिलेले ‘स्ट्रक्चर’ याला अपवाद आहेत.) मात्र ही हमी एका ‘कॉन्टेक्स्ट’पुरतीच, म्हणजे लायब्ररी आपले टाइप ज्यात ठेवते त्या एका कप्प्यापुरतीच. शिरोलीतल्या एका कारखान्याचा ४७ नंबर दुसऱ्या कारखान्यात भलत्याच पॅटर्नवर असतो, तसंच हे.

व्हॅल्यूपाशी शिकणारे हमखास अडखळतात, कारण शब्द ऐकला की आकडा डोळ्यांपुढे येतो. मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याचा हिशोब करणारा प्रोग्रॅम घ्या: रवे (गुळाच्या ढेपा) गुणिले एका रव्याचं वजन. कंपायलर चालतो तेव्हा रवे किती, हे कुणालाच माहीत नसतं; सौदा अजून व्हायचाय. तरीही त्या गुणाकाराची एक व्हॅल्यू असते. तो अजून न ओतलेला जॉब आहे. कुठल्या पॅटर्नचा आणि कुठल्या क्रियेतून निघणार, एवढं त्याच्या कार्डावर लिहिलेलं असतं. फंक्शनला (प्रोग्रॅममधल्या एखादं काम करणाऱ्या तुकड्याला) मिळणारी माहिती, प्रत्येक क्रियेचं फळ, खुद्द फंक्शनसुद्धा, हे सगळं व्हॅल्यूच. रवे पूर्णांकात आणि वजन दशांशात असेल, तर लायब्ररी आपणहून जुळवून घेत नाही. रूपांतराची क्रिया आपणच मध्ये घालायची. मला हा कडकपणा आवडतो, चूक तिथल्या तिथे सापडते.

आता मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग. टाइपला किती माहीत असावं? एलएलव्हीएमच्या पूर्णांकाला ऋण-धन कळत नाही. ३२ बिट सगळे १ असतील, तर त्याचा अर्थ -१ किंवा ४,२९,४९,६७,२९५, दोन्ही होऊ शकतो. बेरजेत फरक पडत नाही, बिट तेच येतात. भागाकारात पडतो: २ ने भागलं तर एका वाचनात पूर्णांकी उत्तर ०, दुसऱ्यात २,१४,७४,८३,६४७. म्हणून भागाकाराच्या क्रियाच दोन ठेवल्या आणि २००७ च्या २.० आवृत्तीत चिन्ह टाइपमधून काढून टाकलं. पॉइंटरचंही, म्हणजे मेमरीतला पत्ता सांगणाऱ्या व्हॅल्यूचंही, पुढे तेच झालं. तो कशाकडे बोट दाखवतो हे पूर्वी त्याच्या टाइपमध्ये असायचं, त्यापायी निरर्थक रूपांतरांची गर्दी व्हायची. २०२२ च्या १५ व्या आवृत्तीपासून ही माहिती मेमरी वाचणाऱ्या क्रियेकडे गेली.

व्हॅल्यूच्या कार्डावर आणखी एक नोंद असते: मला कोण कोण वापरतं. पंप बनवणाऱ्याकडे एखादा फ्लँज कुठल्या कुठल्या मॉडेलमध्ये बसतो याची यादी असते, तशी. समजा कंपायलरच्या लक्षात आलं, की एका रव्याचं वजन सगळीकडे १ च धरलंय. मग गुणाकाराची गरजच उरत नाही. लायब्ररीला एकच हुकूम द्यायचा: या गुणाकाराच्या जागी सगळीकडे ‘रवे’ घाल. ती यादी घेऊन प्रत्येक वापरणाऱ्याकडे जाते, जुनं काढून नवं बसवते. शेवटी गुणाकाराची यादी रिकामी होते, आणि तो जॉब ओतायच्या आधीच रद्द होतो.