वयस्क घोड्यांच्या दातांची निगा : घोडेमालकांसाठी माहितीपत्रक

वीस वर्षांच्या घोड्याच्या फासळ्या दिसू लागल्या की पुष्कळदा वयाला दोष देऊन त्याची चंदी वाढवली जाते. तसे करण्यापूर्वी त्याचे तोंड तपासून घ्यावे, अशी आमची मालकांना कळकळीची विनंती आहे.

घोड्याच्या दाढेचा बराचसा भाग जबड्याच्या हाडात दडलेला असतो आणि वरचा भाग झिजेल तशी ती वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर बाहेर सरकत राहते. हा साठा पंचवीस ते तीस वर्षांच्या सुमारास संपत येतो; मग दाढा गुळगुळीत होतात, हलू लागतात, काही गळून पडतात, आणि मधल्या फटींत चारा अडकून हिरड्या सडतात. बैल अर्धवट चावलेला चारा रवंथ करताना पुन्हा चावतो, पण घोड्याला ही दुसरी संधी नसते, म्हणून दाढा निकामी झाल्या की पुढ्यात भरपूर चारा असूनही तो खंगत जातो.

घोडा दुखणे लपवतो आणि दुखत असतानाही खात राहतो, त्यामुळे त्याच्या गव्हाणीकडे आणि लिदीकडे रोज लक्ष असावे. गव्हाणीखाली लाळेने भिजलेले, अर्धवट चावलेले चाऱ्याचे गोळे पडलेले असणे, लिदीत लांब काड्या दिसणे, तोंडाला किंवा एकाच नाकपुडीला दुर्गंधी येणे, यांपैकी काहीही आढळल्यास लगेच कळवावे. पंधरा वर्षांपुढच्या काही घोड्यांत पुढच्या दातांची मुळे झिजून हिरड्या सुजतात आणि घोडा गाजराचा तुकडा तोडायला कचरतो. हा आजार फार वेदनादायक असून बहुधा ते दात काढावेच लागतात. दात काढल्यावर मात्र बहुतेक घोडे पुन्हा नीट खाऊ लागतात.

वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने वरच्या दाढांना गालाच्या बाजूने आणि खालच्या दाढांना जिभेच्या बाजूने धार येते. ही धार आम्ही कानशीने घासून काढतो. म्हाताऱ्या घोड्याच्या सगळ्या दाढा एका पातळीत आणून देण्याची मागणी मात्र आम्ही नाकारतो, कारण जे थोडे दात उरले आहेत तेही त्यात खर्ची पडतात. टोचणारा भाग तेवढा काढणे पुरेसे असते. गुंगीचे इंजेक्शन देणे आणि दात काढणे ही कामे नोंदणीकृत पशुवैद्यकच करतात. वीस वर्षांपुढच्या घोड्याची तपासणी दर सहा महिन्यांनी करून घ्यावी.

ज्याला कडबा चावत नाही, त्याला चारा पूर्णपणे भिजवून, लापशीसारखा मऊ करून, दिवसातून चार-पाच वेळा थोडा थोडा द्यावा. ३५० किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला कोरडे मोजून ५ ते ७ किलो खाद्य लागते, हे लक्षात घेऊन लसूणघासाची बारीक कुट्टी किंवा घोड्यांसाठीच्या तयार खाद्याच्या कांड्या (पेलेट) भिजवाव्यात. केवळ गव्हाच्या कोंड्यावर घोडा पोसू नये, कारण कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी असते. न चावलेला घास अन्ननलिकेत अडकून नाकातून खाद्य आणि लाळ येऊ लागल्यास चारा-पाणी ताबडतोब बाजूला करून पशुवैद्यकांना बोलवावे. नळ्याने तेल किंवा पाणी मुळीच पाजू नये, ते फुप्फुसात जाऊन घोडा दगावू शकतो.

तपासणीच्या दिवशी घोडा सावलीत बांधावा आणि रोज खाऊ घालणाऱ्या मोतद्दाराला हजर ठेवावे. घोडा काय खातो आणि काय टाकतो, हे त्यालाच नेमके ठाऊक असते.