पडद्यावरच्या मॅमथचा खरा काळ

विन्सर मॅके यांच्या 1914 सालच्या 'गर्टी द डायनॉसॉर' या कार्टूनपटात गर्टी एका मॅमथला उचलून तळ्यात भिरकावते. डायनॉसॉर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाले. केसाळ मॅमथ गेल्या काही लाख वर्षांतला. या दोघांना एकत्र आणायचा मोह ॲनिमेशनला तेव्हापासून आहे.

मॅमथ दिसायचा कसा, हे मात्र तोवर बरेच कळले होते. 1796 मध्ये पॅरिसमध्ये जॉर्ज कुव्हिए यांनी आशियाई हत्ती, आफ्रिकी हत्ती आणि मॅमथ यांचे दात व जबडे ताडून पाहिले आणि मॅमथ ही वेगळी, नामशेष झालेली जात असल्याचे सांगितले. एखादी जात पृथ्वीवरून समूळ नाहीशी होऊ शकते, हे तेव्हा अनेकांच्या पचनी पडत नव्हते. त्याच वर्षी त्यांनी अर्जेंटिनात सापडलेल्या, हत्तीएवढ्या अवाढव्य सांगाड्याला मेगाथेरियम हे नाव दिले आणि त्याचे नाते झाडांवर लटकणाऱ्या स्लॉथशी जोडले. पुढे 1806 मध्ये सायबेरियात लेना नदीच्या मुखाजवळच्या बर्फातल्या मॅमथचे अवशेष मिखाईल ॲडम्स यांनी गोळा केले. हाडांसोबत कातडी आणि केसही हाती आले.

2002 च्या 'आइस एज'मधले मॅमथ, जमिनीवरचा स्लॉथ आणि स्मायलोडॉन हे सुळेवाले मोठे मांजर, असे त्रिकूट याच ज्ञानावर उभे आहे. तिघांच्याही कुळातले प्राणी हिमयुगात उत्तर अमेरिकेत खरोखर होते, आणि हा काळाचा मेळ मला त्या चित्रपटाची मोठी जमेची बाजू वाटतो. 2009 च्या तिसऱ्या भागात जमिनीखाली डायनॉसॉर आले आणि तो मेळ विस्कटला. मुलांच्या मनात काळाची अशी सरमिसळ एकदा बसली की ती सहज सुटत नाही, म्हणून मला ती प्राण्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त खटकते.

त्यातली सुळेवाली खार, स्क्रॅट, निव्वळ कल्पनेतली. तरी 2011 मध्ये अर्जेंटिनातल्या क्रोनोपिओ या चिमुकल्या सस्तन प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हा लांब तोंड आणि लांब सुळे पाहून सगळ्यांना स्क्रॅटच आठवला. क्रोनोपिओ खार नव्हे. तो 9 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, डायनॉसॉरांच्याच काळात जगला.

स्मायलोडॉनची बहुतेक माहिती लॉस एंजेलिसच्या ला ब्रेआ इथल्या नैसर्गिक डांबराच्या खड्ड्यांतून आली. तिथे हाडे टिकतात, कातडी नाही. 2024 मध्ये सायबेरियातल्या याकुतियाच्या गोठलेल्या जमिनीतल्या होमोथेरियमच्या पिल्लाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हाही सुळेवाल्या मांजरांपैकीच, आणि त्याची फर गडद तपकिरी निघाली. स्मायलोडॉनचा रंग मात्र अजून चित्रकारच ठरवतात.