आधी थंड पाणी, मग ऊन

गेल्या महिन्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. बाजारातले पॅड सोडून तिने धुऊन वापरायचे कापडी पॅड घेतले होते आणि पहिल्याच पाळीत हिरमुसली होती. "मावशी, मी चांगले उकळत्या पाण्यात भिजवले गं, जंतू मरावेत म्हणून. आता डाग हलतच नाहीत. काळपट तपकिरी झालेत." तसा मेसेजच तिच्या मैत्रिणींमध्ये फिरत होता: रक्ताचं कापड आधी कडकडीत पाण्यात घाला. मी तिला म्हटलं, धुऊ नकोस, तसेच घेऊन ये. रविवारी ती चार पॅड घेऊन आली.

कापडाकडे वळणाऱ्या बऱ्याच मुली याच ठिकाणी अडखळतात आणि महिन्याभरात पुन्हा दुकानातल्या पुडक्याकडे जातात. दोष कापडाचा नसतो, बादलीतल्या पाण्याच्या तापमानाचा असतो. हे नीट समजून घ्यायला हवं, कारण त्यामागचं रसायनशास्त्र फार सुंदर आहे.

रक्तात पाणी सोडलं तर मुख्यतः प्रथिनंच असतात. तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन ठासून भरलेलं असतं, बाहेरच्या द्रवात अल्ब्युमिन आणि इतर. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. पण ती माळ सरळ नसते, लोकरीच्या गुंड्यासारखी घडी घालून बसलेली असते. माळेतल्या काही मण्यांना पाणी आवडतं, काहींना नाही. घडी अशी पडते की पाणी न आवडणारे मणी आत लपतात आणि आवडणारे बाहेर राहतात. म्हणून तर एवढा मोठा रेणू पाण्यात सुखाने विरघळतो.

आता तापमान वाढवा. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे घडी धरून ठेवणारे नाजूक बंध सुटू लागतात. माळ उलगडते. आत लपलेले, पाण्याशी न पटणारे मणी उघडे पडतात आणि पाण्यापासून पळण्यासाठी शेजारच्या माळेतल्या आपल्यासारख्याच मण्यांना चिकटतात. ती माळ तिसरीला, तिसरी चौथीला. बघता बघता गुंता होतो, जाळं होतं आणि हे जाळं पाण्यात विरघळत नाही. तुम्ही हे रोज सकाळी तव्यावर पाहता. अंड्याचा पांढरा भाग पातळ, पारदर्शक असतो, आच लागली की पांढरा घट्ट होतो. थंड झाल्यावर तो पुन्हा पातळ होत नाही. भाचीने पॅडवर नेमकं हेच केलं होतं.

त्यात कापूस पडला. सुती धागा म्हणजे पिळलेल्या, आतून पोकळ तंतूंचा जुडगा. त्याच्या सेल्युलोजला पाणी आवडतं, म्हणून तर तो रक्त शोषतो. रक्त तंतूंच्या फटीफटींत शिरलं आणि तिथेच शिजलं, तर प्रथिनांचं जाळं धाग्याभोवतीच विणलं जातं. रंग वेगळ्या कारणाने बदलतो. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात. हवेतल्या ऑक्सिजनमुळे असा अणू एक इलेक्ट्रॉन गमावतो, द्विसंयुजीचा त्रिसंयुजी होतो आणि लाल रंग तपकिरी होतो. हे थंडीतही होतं, पण सावकाश. म्हणून वाळलेला डाग तपकिरी आणि ताजा लाल.

साधं थंड पाणी मात्र उलटं काम करतं. शाळेत परासरण शिकलो ते आठवा. तांबड्या पेशीच्या आत क्षार जास्त, बाहेर नळाच्या पाण्यात फारच कमी. पाणी पेशीत घुसतं, ती फुगते आणि फुटते. आतलं हिमोग्लोबिन घडी न मोडता बाहेर येतं आणि पाण्यात विरघळून निघून जातं. पॅड बादलीत टाकल्यावर त्यातून गुलाबी धुरासारख्या रेघा निघतात ना, त्या म्हणजे फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेलं हिमोग्लोबिन. दोन-तीनदा पाणी बदललं की रेघा थांबतात. मग साबण. आपल्या आज्यांना हे रसायन ठाऊक नसेल, पण विहिरीच्या गार पाण्यात आधी खळबळून घ्यायचं हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं.

पाळीचं रक्त एरवीच्या रक्तासारखं सहसा गोठत नाही. जखमेवर रक्त गोठतं ते फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या जाळ्यामुळे. गर्भाशयात हे जाळं प्लाझ्मिन नावाचं विकर (एन्झाइम) कापून टाकतं, म्हणून पाळीचं रक्त बहुतेक वेळा पातळच बाहेर येतं. स्राव जोराचा असला की विकराला वेळ पुरत नाही आणि गाठी पडतात. त्यात अशुद्ध, दूषित असं काही नसतं. निम्म्याच्या आसपास रक्त, बाकी गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे आणि स्राव. एका पाळीत रक्त जातं ते साधारण ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे अर्धी वाटीही नाही. ८० च्या वर जात असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

रविवारी आम्ही स्वयंपाकघराच्या ओट्यावर प्रयोग केला. औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड घेतलं. माझ्याकडे थंड पाण्यात धुतलेला, किंचित डाग राहिलेला एक जुना पॅड होता. त्याच्यावर चार थेंब टाकले, लगेच पांढरा फेस आला. भाचीच्या पॅडवर टाकले, फेस जेमतेम. ती बघतच राहिली. तांबड्या पेशींत कॅटलेज नावाचं विकर असतं. ते पेरॉक्साइड फोडून ऑक्सिजन सोडतं, तोच फेस. विकर हेही प्रथिनच. तिने ते उकळून मारलं होतं.

उपाय अगदीच नाही असं नाही. प्रथिनं कापणारी विकरं घातलेली धुण्याची पावडर मिळते. कोमट पाण्यात ती मिसळून पॅड रात्रभर ठेवायचा, म्हणजे विकरं त्या गुंत्याचे बारीक तुकडे करत बसतात. पाणी कोमटच हवं. उकळतं घातलं तर पावडरीतलं विकरही त्याच नियमाने निकामी होईल. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण मात्र नको. त्याचा स्निग्ध थर धाग्यांवर बसतो आणि कापड शोषेनासं होतं.

आता जंतूंचं. गरम पाणी वाईट नाही, ते रक्त निघून गेल्यावर चालतं. पण खरं काम होतं दोरीवर. जंतूंना आणि बुरशीला वाढायला ओल लागते. कडक उन्हात कापड कोरडं ठणठणीत होतं आणि सूर्याची अतिनील किरणंही त्यांना मारतात. ओडिशात झालेल्या एका अभ्यासात, धुऊन वापरायचं कापड घरातच वाळवणाऱ्या आणि न्हाणीघरात लपवून ठेवणाऱ्या बायकांमध्ये कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग जास्त आढळला. कापडाची बाजू घेणाऱ्यांनी हे झाकून ठेवू नये. परकराखाली, पलंगामागे, कोंदट कोपऱ्यात वाळवलेलं कापड सुरक्षित नाही.

आणि ते लपवायला कुणी लावलं? आमच्या लहानपणी सांगायचे, पाळीचं कापड सापाच्या नजरेस पडलं तर साप आंधळा होतो. सापाला काही होत नाही. आजार त्या बाईला होतो, कारण तिचं कापड ऊन पाहत नाही. दुसऱ्या टोकाला हल्लीच्या जाहिराती आहेत, ऋणभारित आयनांची हिरवी पट्टी असलेले पॅड, म्हणे पोटदुखीही थांबवतात. पोटदुखी होते ती गर्भाशयाच्या स्नायूंना आकसायला लावणाऱ्या प्रोस्टाग्लॅन्डिनमुळे. पॅडमधली पट्टी तिथवर पोचणार कशी?

बदल करायचाच कशाला, असं कुणी विचारेल. बाजारातल्या पॅडचा मोठा भाग प्लॅस्टिक असतो: वरचा पापुद्रा पॉलिप्रोपिलिनचा, खालचा पॉलिथिनचा, मध्ये लाकडाचा लगदा आणि पाणी धरून फुगणारे सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे कण. यातलं प्लॅस्टिक कुजत नाही. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बायका ओला-सुका कचरा हातांनी निवडतात. कागदात गुंडाळलेल्या पॅडवर लाल ठिपका काढा, एवढं साधं मागणं त्यांना मोहीम काढून मांडावं लागलं. शिवाय कापड काही जुनं झालेलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या ६४ टक्के मुलींनी पॅडचं नाव घेतलं, तर ५० टक्क्यांनी कापडाचं. म्हणजे कित्येक जणी दोन्ही वापरतात.

पाण्याची टंचाई असेल तिथे मात्र मी कापडाचा आग्रह धरणार नाही. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला किंवा फडाशेजारच्या कोपीत राहणाऱ्या ऊसतोड बाईला पॅड धुवायला बादलीभर पाणी कुठून मिळणार? तिथे योनीत बसवून रक्त गोळा करणारा सिलिकॉनचा कप जास्त उपयोगी. तो काढून ओतायचा, तांब्याभर पिण्याच्या पाण्याने खळबळायचा, पाळी संपल्यावर भांड्यात उकळायचा. तो सिलिकॉन-ऑक्सिजनच्या साखळीचा असल्याने उकळून बिघडत नाही. मात्र इथेही क्रम तोच, आधी थंड पाणी. 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये २०१९ साली ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा आला. त्यात कपमधून गळती पॅडइतकीच किंवा कमी आढळली. हात धुऊन कप घालायचा, १२ तासांच्या आत रिकामा करायचा. तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं, कारण कप ओढताना तांबी सरकू शकते.

भाचीने तीन रात्री विकरवाली पावडर वापरली. चारपैकी तीन पॅडचे डाग फिकट झाले, चौथ्याचा राहिला. तोही ती वापरते. परवा फोटो पाठवला: होस्टेलच्या गच्चीवर, टी-शर्टच्या शेजारी, उन्हात चिमट्याने लावलेले चारही पॅड.