ईथॉस, पेथॉस, लोगॉस: सुरुवात जमिनीच्या भांडणातून झाली

वक्तृत्वाचा कुठलाही कोर्स बघा, पहिल्या स्लाइडवर हे तिघं असतातच. ईथॉस म्हणजे बोलणाऱ्यावर बसणारा विश्वास, पेथॉस म्हणजे ऐकणाऱ्याच्या भावना, लोगॉस म्हणजे मुद्द्यातला दम, आणि शेजारी ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचा दाढीवाला पुतळा, जणू त्यानेच एका दुपारी बसून सगळं काढलं. पण त्याच्या शंभरेक वर्षं आधीपासून लोक कोर्टकचेरीपायी हेच शिकत होते.

सिसिली बेटावरचं ग्रीक शहर सिराक्यूज. इ.स.पू. 466 च्या सुमारास तिथली हुकूमशाही पडली आणि आधी बळकावलेल्या जमिनी लोक परत मागायला लागले. आपल्यासारखा सातबारा थोडाच होता, पटवून देता आलं तर जमीन तुमची. परंपरा सांगते की कोराक्स आणि टिसियस हे दोघं तेव्हा बोलायची शिकवणी घ्यायला लागले. कोराक्सची एक युक्ती ॲरिस्टॉटलनेच लिहून ठेवलीय: मारहाणीचा आरोप किडकिडीत माणसावर असेल तर त्याने म्हणायचं, माझ्याकडे बघा, मी कुणाला मारणार? आणि आडदांड असेल तर म्हणायचं, संशय माझ्यावरच येणार हे मला कळत नव्हतं का, मग मी कशाला हात उचलीन?

इ.स.पू. 427 साली सिसिलीचाच एक वक्ता, गॉर्गियस, आपल्या गावासाठी मदत मागायला अथेन्सला आला आणि त्याच्या बोलण्याने लोक येडेच झाले. तिथे तर गिऱ्हाईक तयारच होतं, कारण आपली केस आपणच उभं राहून मांडायची पद्धत, समोर दोनशे-पाचशे ज्युरी आणि वेळ मोजायला पाण्याचं घड्याळ. मग पैसे घेऊन भाषणं लिहून देणारे आले, त्यातला लिसियस सगळ्यात भारी (त्याचे वडील मूळचे सिराक्यूजचेच बरं का).

प्लेटोला हा प्रकार अजिबात पटला नाही, त्याने वक्तृत्वाची तुलना थेट स्वयंपाकाशी केली, म्हणजे जिभेला बरं वाटतं पण औषध नव्हे. त्याचाच शिष्य ॲरिस्टॉटल मात्र म्हणाला, लोकांना पटतं कसं ते नीट बघू तर खरं, आणि ईथॉस, पेथॉस, लोगॉस या तिघांना वेगळं करून नावं दिली. त्यात एक गोष्ट आजचे कोर्सवाले हमखास गाळतात: ईथॉस म्हणजे तुमचा बायोडेटा नाही, विश्वास त्या भाषणातूनच तयार झाला पाहिजे, आधीच्या नावलौकिकावर नाही.

म्हणजे कसं, ते लिसियसच्या नावावरच्या एका छोट्या भाषणात दिसतं. एक अपंग कारागीर, सरकारकडून रोज एक ओबोल (छोटं नाणं) मिळायचा, तो बंद करा अशी कुणीतरी तक्रार केली, का तर हा घोड्यावर बसतो म्हणजे धडधाकटच आहे. पाचशे जणांच्या कौन्सिलपुढे तो म्हणतो, पैसे असते तर खोगीर घातलेल्या खेचरावर आरामात बसलो असतो, ते परवडत नाही म्हणून लोकांचे घोडे मागून नेतो. आणि बाकीचे एक काठी वापरतात, मी दोन वापरतो, मग त्या दोन काठ्या हीपण धडधाकट असल्याची खूण आहे असं हा तक्रारदार का म्हणत नाही?