कार्बाइडच्या पुडीमागचा तिहेरी बंध

हापूसचा हंगाम आला की पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आंब्याच्या पेट्यांबरोबर कार्बाइडचाही विषय निघतो. अढीतला आंबा आपल्या सवडीनं पिकतो. कार्बाइडची पुडी ठेवली की त्याला घाईनं रंग चढतो. फळाच्या ओलाव्यानं पुडीतून ॲसिटिलीन वायू सुटतो आणि फळ पिकवणाऱ्या इथिलीनचं काम तो करू लागतो. या वापरावर कायद्यानं बंदी आहे आणि ती असायलाच हवी, कारण बाजारी कार्बाइडात फॉस्फरस आणि आर्सेनिक असतं. कार्बाइडचा म्हणून आपण जो उग्र वास ओळखतो तोही ॲसिटिलीनचा नव्हे, मुख्यतः त्यातल्या फॉस्फरसपासून बनणाऱ्या फॉस्फिन वायूचा.

हा ॲसिटिलीन, म्हणजे इथाइन, अल्काइन कुळातला सगळ्यात लहान रेणू. या कुळाची खूण म्हणजे दोन कार्बनांमधला तिहेरी बंध. अकरावीला हा धडा अभिक्रियांची यादी म्हणून पाठ केला जातो. त्या यादीत काय कशातून आलं, हे कळलं की मगच ती डोक्यात बसते, असं मला ठामपणे वाटतं.

1836 मध्ये रसायनशास्त्रज्ञ एडमंड डेव्ही पोटॅशियम धातू बनवायच्या खटपटीत होता. भट्टीत उरलेला काळा गाळ पाण्यात पडला आणि त्यातून एक अनोळखी वायू निघाला. स्वस्तात मिळाला तर दिव्यासाठी हा उत्तम, हेही त्यानं ओळखलं. पण स्वस्तात मिळणार कुठून? 1860 मध्ये बेर्तलोनं त्याला ॲसिटिलीन हे नाव दिलं, 1862 मध्ये व्होलरनं कॅल्शियम कार्बाइडवर पाणी घालून तो मिळवला, तरी दिवा पेटला नाही.

अडचण रेणूच्या पोटातच होती. कार्बन आणि हायड्रोजनपासून एक मोल (26 ग्रॅम) इथाइन बनताना सुमारे 227 किलोजूल ऊर्जा आत घेतली जाते. एकेरी बंधाचं इथेन बनताना उलट ऊर्जा बाहेर पडते. इथाइनसाठी लागणारी ही ऊर्जा कुणीतरी ओतायला हवी. ती ओतली विजेच्या भट्टीनं. 1892 मध्ये अमेरिकेत थॉमस विल्सन चुना आणि डांबर तापवून कॅल्शियम धातू काढायला गेला आणि हाती आलं कार्बाइड. त्यावर पाणी पडताच निघालेला वायू काजळी सोडत जळाला. इथाइनच्या वजनात 92 टक्के कार्बन आहे, म्हणून ही काजळी आणि म्हणूनच तो लख्ख पांढरा उजेड. कार्बाइडचा डबा म्हणजे खरं तर डब्यात भरून ठेवलेली वीज होती. सायकलचे, खाणकामगारांचे दिवे त्यावर चालले. ऑक्सिजनबरोबर ज्योत 3000 अंश सेल्सिअसच्या वर जाते. भोसरीच्या कारखान्यांत गॅस वेल्डिंग होतं ते तिच्यावरच.

यादीतली एक ओळ मात्र घाईनं वाचू नये. मर्क्युरिक सल्फेट हा पाऱ्याचा क्षार आणि सौम्य सल्फ्युरिक आम्ल यांच्या साहाय्यानं इथाइनमध्ये पाणी मिळवलं की ॲसिटाल्डिहाइड हे रसायन मिळतं. ही पाऱ्याची युक्ती कुचेरोव्हनं 1881 मध्ये मांडली. जपानमध्ये मिनामाता इथं चिस्सो कंपनीनं 1932 पासून याच मार्गानं उत्पादन केलं. त्यात तयार होणारं मिथाइल मर्क्युरी हे पाऱ्याचं विषारी संयुग सांडपाण्यातून खाडीत, खाडीतून माशांत आणि माशांतून कोळ्यांच्या घरात गेलं. 1956 मध्ये त्यातून झालेल्या आजाराची अधिकृत नोंद झाली; ही प्रक्रिया बंद व्हायला 1968 उजाडलं. पाठ्यपुस्तकात बाणावर लिहिलेल्या त्या एका क्षारामागे एवढी माणसं उभी आहेत, आणि वर्गात हे सांगितलंच पाहिजे.

पुढे खनिज तेलातल्या नाफ्थ्यापासून मिळणारं इथिलीन स्वस्त झालं आणि मोठ्या कारखान्यांतून ॲसिटिलीन मागे पडला. प्रयोगशाळेत मात्र अल्काइनांचं महत्त्व वाढतच गेलं, ते त्यांच्या दुसऱ्या गुणामुळे. टोकाला तिहेरी बंध असलेल्या अल्काइनचा शेवटचा हायड्रोजन आम्लधर्मी असतो (आम्लपणा मोजणारा पीकेए सुमारे 25, इथिलीनचा 44; आकडा जितका लहान तितकं आम्ल तीव्र), कारण तिथला कार्बन इलेक्ट्रॉन आपल्या अणुकेंद्राजवळ ओढून धरतो. म्हणून चांदी किंवा तांब्याचा क्षार घातला की ॲसिटिलाइडचा साका बसतो. तो वाळला तर स्फोट होऊ शकतो, हे विसरू नये.

1869 मध्ये ग्लाझरनं याच कॉपर ॲसिटिलाइडपासून दोन अल्काइन जोडले. 1975 मध्ये सोनोगाशिरानं अशाच जोडणीसाठी तांब्याच्या जोडीला पॅलेडियम धातू घेतला. 2002 मध्ये मेल्डाल आणि शार्पलेस यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की तांब्याच्या उपस्थितीत अल्काइन आणि ॲझाइड (तीन नायट्रोजनांची साखळी असलेलं संयुग) साध्या तापमानालाही जोडले जाऊन ट्रायझोलचं कडं तयार होतं, अगदी पाण्यातसुद्धा. रेणू असे चटकन जोडणाऱ्या या क्लिक रसायनशास्त्राला 2022 चं नोबेल मिळालं. भोसरीत जी ऊर्जा लोखंड वितळवते, तीच इथे चंचुपात्रात, ज्योतीशिवाय, ते कडं मिटवते.