सोन्याच्या पाण्याखाली काय आहे?

भाद्रपद जवळ आला की कोकणात गौरीच्या दागिन्यांची पेटी उघडते. ठुशी, चपलाहार, वाक्या. बहुतेक पितळेचे, वरून सोन्याचं पाणी दिलेले. वर्षभर ते कुणी अंगावर घातलेले नसतात, तरी हाराच्या आतल्या बाजूला काळे ठिपके दिसतात आणि फाशाजवळ हिरवट थर जमलेला असतो. वापरले नाहीत, घासले नाहीत, मग सोनं गेलं कुठे? बहुतेक वेळा ते कुठेच गेलेलं नसतं. खालचं तांबं त्यातून वर आलेलं असतं.

मुळात हा थर किती पातळ असतो ते बघू. एका दागिन्याचा पृष्ठभाग २० चौरस सेंटिमीटर धरा आणि त्यावर अर्धा मायक्रॉन सोनं चढवा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. सोन्याची घनता १९.३, म्हणजे एवढ्या थराला लागतं जेमतेम १९ मिलिग्रॅम सोनं. हे सोनं द्रावणातून विजेने चढवतात. किती विजेने किती धातू चढतो हे सांगणाऱ्या फॅरडेच्या नियमाने हिशेब केला आणि सगळी वीज सोन्यासाठीच खर्ची पडली असं धरलं, तर ०.१ अँपिअर प्रवाहाला या कामासाठी दीड मिनिट पुरतं. ‘एक ग्रॅम सोन्याचे दागिने’ अशी पाटी दिसली की हाच हिशेब उलटा करून बघावा. तेवढ्याच पृष्ठभागावर खरोखर एक ग्रॅम सोनं चढवलं तर थर सुमारे २६ मायक्रॉनचा होईल. रोजच्या प्लेटिंगमध्ये इतकं सोनं कुणी चढवत नाही.

एवढ्या पातळ थराला सूक्ष्म छिद्रं राहतातच. कोरड्या गावात ती फारशी नडत नाहीत. किनाऱ्यावर नडतात, कारण इथल्या वाऱ्यात मिठाचे कण असतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण आपणहून पाणी ओढून घेतो आणि विरघळतो. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते यामुळेच, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा बहुतेक वेळ या रेषेच्या वरच असते. बंद पेटीतल्या हारावर बसलेला मिठाचा कण मग खाऱ्या पाण्याचा थेंब होतो आणि छिद्रातून खाली उतरतो.

तिथे सोनं, पितळ आणि खारं पाणी यांची एक छोटी विद्युतघटमाला, म्हणजे बॅटरीच, तयार होते. दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांतला जास्त क्रियाशील धातू झिजतो आणि दुसरा सुरक्षित राहतो. आपल्या छपरांवरच्या जस्ताच्या पत्र्यात हाच नियम आपल्या बाजूने काम करतो. पत्र्यावर ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजतं आणि लोखंड वाचवतं. सोन्याच्या बाबतीत गणित नेमकं उलटं आहे. सोनं काही झिजत नाही; छिद्राच्या तळाशी उघडं पडलेलं इवलंसं पितळ मात्र भराभर खाल्लं जातं. त्यातल्या तांब्याचे क्षार वर येऊन पसरतात, तोच तो हिरवा थर. म्हणजे सोन्याचा पातळ, सच्छिद्र थर खालच्या धातूचं रक्षण करत नाही, उलट छिद्रापाशी त्याची झीज वाढवतो. पाणी देण्याच्या सगळ्या व्यवहारात मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते आणि गिऱ्हाइकाला ती कुणीच सांगत नाही.

खाली चांदी असेल तर कारण थोडं वेगळं. ओहोटीला खाडीच्या चिखलाचा जो कुजकट वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू चांदीला काळं करतो, आणि सोन्याच्या छिद्रांतून तो काळेपणा वरही पसरतो.

म्हणून पुन्हा पाणी द्यायला जाताना ‘चोवीस कॅरेटचं आहे ना?’ एवढंच विचारून भागत नाही. कॅरेट म्हणजे शुद्धता. जाडीबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. विचारायचं ते दोन गोष्टींबद्दल: किती मायक्रॉन आणि खाली अस्तर कशाचं. पितळेवर थेट सोनं चढवलं तर तांब्याचे अणू हळूहळू सोन्यात शिरतात आणि रंग मळतो. मध्ये निकेलचा थर असला की ही वाट बरीच अडते. मात्र निकेलने कानाच्या पाळीला खाज सुटणारे लोक पुष्कळ आहेत. अशांनी पॅलेडियमचं अस्तर मिळतं का ते पाहावं. महाग पडेल, पण कानाला त्रास होण्याची शक्यता कमी. रोज घालायच्या बांगडीला कोबाल्ट मिसळलेलं कठीण सोनं चांगलं, कारण शुद्ध सोनं मऊ असल्याने लवकर घासलं जातं.

कामाची खरी मेहनत सोन्याच्या टाकीआधीच संपते. आधी जुना मळ आणि तेलकटपणा जायला हवा, रिठ्याच्या पाण्यात ब्रश मारून किंवा अल्ट्रासोनिक यंत्रात. मग सौम्य आम्लात बुडवून ऑक्साइड काढायचा. एवढ्यात घाई झाली तर नवा थर धातूला धरत नाही, फुगतो आणि पापुद्र्यांनी सुटतो. टाकीत प्रवाह कडांवर आणि टोकांवर जास्त जमतो, त्यामुळे उंचवट्यांवर सोनं जाड बसतं आणि खोलगट भागात पातळ. मंगळसूत्राची वाटी आतून आधी काळी पडते ती म्हणूनच: तिथे थरही पातळ आणि घामही साचतो. चांगला कारागीर तार हलवत, दागिना फिरवत राहतो.

विजेने पाणी देण्याची ही विद्या आहे इटलीतली. व्होल्टाची विद्युतघटमाला १८०० साली आली आणि १८०५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ ब्रुन्यातेल्ली यांनी तिच्या मदतीने चांदीच्या पदकांवर सोनं चढवलं. त्याआधीचा मुलामा पाऱ्याचा असे. पाऱ्यात सोनं कालवून दागिन्याला लावायचं आणि पारा तापवून उडवायचा. त्या वाफेने कारागिरांची शरीरं खिळखिळी होत. १८४०च्या सुमारास इंग्लंडमध्ये एल्किंग्टन यांनी सायनाइडच्या द्रावणाची पद्धत धंद्यात आणली. सोन्याच्या टाकीत आजही बऱ्याच ठिकाणी सायनाइडच असतं. त्यात आम्ल मिसळलं तर प्राणघातक वायू निघतो. घरी पाणी देण्याचं द्रव ऑनलाइन मिळतं म्हणून ते मागवण्याच्या फंदात कृपया पडू नका.

दागिना देताना आणखी एक बघा. नथीचे खरे मोती आधी उतरवून घ्या, कारण मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट आणि आम्लाच्या एका बुडीतही त्याची झळाळी जाते. बोरमाळेचे मणी लाख भरलेले असतील तर तेही सांगा. टाकी ऊन असते आणि आतली लाख मऊ पडून बाहेर येते. जुन्या नक्षीचा दागिना असेल तर पॉलिशचा बफ हलक्या हाताने फिरवायला सांगा, कारण प्रत्येक पॉलिशमध्ये नक्षीचा थोडा धातू उडतो आणि नुसतं पाणी देऊन तो परत येत नाही. परत आणलेला हार पुसून, कोरडा करून, हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवा. आर्द्रता ७५च्या खाली राहिली तर मिठाचा कण कोरडाच राहतो.